लॉनचे टक्कल हरळीने भरताना
सतत पायाखाली येणारी माती दगडासारखी घट्ट होते. त्यावर नुसते गवत लावले तर मूळ धरत नाही. आधी जागा 10 सेंटिमीटर खोल खणा, ढेकळे फोडा, कुजलेले शेणखत मिसळा. हरळीच्या 2-3 पेरांच्या काड्या 10 सेंटिमीटर अंतरावर लावा. पेरे मातीत, शेंडा वर. मग माती पायाने दाबा. पोकळी राहिली की काडी वाळते, आणि लागवड अनेकदा इथेच फसते. पहिले दोन आठवडे पाणी थोडे पण वारंवार द्या. थंडीत लावू नका. झाडाच्या दाट सावलीत तर हरळी लावूच नये, तिला रोज किमान सहा तास ऊन हवे. मुळे धरेपर्यंत तिथली ये-जा बंद ठेवा.