गोल होत नाहीत म्हणून कोणता बॅक सोडायचा?

हॉकीच्या क्लबात पाच-सहा बरे बॅक, म्हणजे बचाव करणारे, आहेत आणि गोल मारणारा एकही नाही, अशी अवस्था झाली की कोणीतरी तोडगा सुचवतोच: समोरच्या क्लबाला एक बॅक द्या, त्यांचा फॉरवर्ड, म्हणजे आक्रमण करणारा, घ्या. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेवर एकट्याने दहा गोल चढवणारे हॉकीपटू रूपसिंग पुढे ग्वाल्हेरातच स्थायिक झाले. त्यांच्याच गावात आम्हाला फॉरवर्डसाठी दारोदार फिरायची वेळ यावी, ही गंमतच. असो. तोडगा वाईट नाही, पण बॅक चुकीचा निवडला तर गोल वाढत नाहीत, खाल्लेले गोल मात्र वाढतात.

आधी दुखणं नक्की कुठे आहे ते बघा. एका मुलाला वही देऊन बाकावर बसवा आणि सहा-आठ सामने चार रकाने भरायला लावा: चेंडू घेऊन डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) किती वेळा शिरलो, गोलवर फटके किती, पेनल्टी कॉर्नर (डीतल्या फाउलबद्दल गोलरेषेवरून चेंडू आत देऊन मिळणारी संधी) किती मिळाले, त्यांतून गोल किती. वीसेक वेळा शिरून गोल एखादाच होत असेल तर खरोखर फिनिशर, म्हणजे संधीचा गोल करणारा, हवा. आठ-नऊ वेळाच शिरत असाल तर चेंडू पुढे पोचतच नाही. तो पोचवणारा बहुतेक वेळा बॅकच असतो, आणि नेमका त्यालाच तुम्ही द्यायला निघालेले असता. कॉर्नर भरपूर मिळून गोल होत नसतील तर पुश करणारा, चेंडू थांबवणारा आणि फ्लिक मारणारा (चेंडू स्टिकने उचलून गोलात फेकणारा) या तिघांकडे बघा. फॉरवर्ड आणून तो प्रश्न सुटत नाही.

मग बॅकची यादी करा, पण नुसती ‘चांगला’, ‘बरा’ अशी नको. प्रत्येकाच्या नावापुढे तो करतो ती कामं लिहा: बचावाला मिळणाऱ्या सोळा यार्डाच्या हिटवरून चेंडू बाहेर काढणं, उंच स्कूप, उलट्या स्टिकचा टॅकल (स्टिक उलटी फिरवून डाव्या बाजूचा चेंडू काढणं), पेनल्टी कॉर्नरवर पहिला रशर (फटका मारणाऱ्याकडे सर्वांत आधी धावणारा), ड्रॅगफ्लिक (चेंडू स्टिकने ओढत नेऊन मारलेला फ्लिक), आणि मागून ओरडून सगळ्यांना जागेवर ठेवणं. शेवटचं काम वहीत दिसत नाही. ते करणारा गेला की पंधरा मिनिटांच्या पहिल्याच क्वार्टरमध्ये कळतं.

यादीतले दोघे लगेच बाजूला काढा. पहिला ड्रॅगफ्लिक मारणारा. आपल्या हॉकीत बॅक हाच पुष्कळदा सर्वांत मोठा गोल करणारा असतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताचे एकूण १५ गोल झाले, त्यांपैकी १० हरमनप्रीत सिंगचे, आणि तो फुलबॅक. असा माणूस देऊन फॉरवर्ड आणणं म्हणजे एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने देणं. कॉर्नरवर पहिला फटका हिटचा असेल तर चेंडू गोलातल्या ४६० मिलिमीटरच्या फळीपेक्षा वर जाता कामा नये. फ्लिकला ते बंधन नाही. म्हणून हिट मारणारे चार मिळतील, फ्लिक मारणारा सहज मिळत नाही.

दुसरा पहिला रशर. कॉर्नरच्या वेळी गोलकीपर धरून पाचच जण मागे असतात, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. फ्लिकच्या रेषेत न घाबरता धावत जाणारा त्या पाचांत एखादाच असतो. त्याच पॅरिसमध्ये लाल कार्डामुळे भारताचा पहिला रशर अमित रोहिदास याला जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात खेळता आलं नाही. जर्मनीचा पहिला गोल पेनल्टी कॉर्नरवर झाला आणि सामना २-३ असा गेला. हरण्याचं कारण तेवढं एकच नव्हतं.

उरलेल्यांपैकी कोणाला द्यायचं? ज्याचं काम आपल्याकडे दुसरा कोणी जवळपास तितकंच करतो, आणि ज्याची समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त गरज आहे, त्याला. उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीत, म्हणजे एनएचएलमध्ये, असे व्यवहार सर्रास चालतात. जानेवारी २०१६ मध्ये नॅशव्हिलने सेथ जोन्स हा तरुण बॅक कोलंबसला दिला आणि रायन जोहानसेन हा सेंटर, म्हणजे मधला आक्रमक, घेतला. जोन्स कमअस्सल नव्हता. नॅशव्हिलकडे वेबर, योसी, एलिस, एकहोम असे चौघे बॅक आधीच होते आणि पहिल्या दर्जाचा सेंटर नव्हता. पुढच्याच वर्षी तो संघ स्टॅन्ले कपच्या (एनएचएलच्या विजेतेपदाच्या) अंतिम फेरीत पोचला. इथे शिकण्यासारखं हे की त्यांनी दिला तो चांगला बॅक. नको असलेला माणूस पुढे केला की समोरूनही नको असलेलाच मिळतो.

दुसरा व्यवहार त्याच वर्षीच्या जूनमधला. न्यू जर्सीने अॅडम लार्सन हा बॅक एडमंटनला देऊन टेलर हॉल हा विंगर, म्हणजे कडेचा आक्रमक, घेतला, एकास एक. २०१७-१८ मध्ये हॉलने ९३ गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) केले आणि सर्वांत मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी मिळवली, म्हणून हा सौदा न्यू जर्सीने जिंकला असंच सगळे सांगतात. पण पहिल्या हंगामात न्यू जर्सी पूर्व विभागात तळाला होती आणि एडमंटन २००६ नंतर प्रथमच प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, गेली. तुमची स्पर्धा दोन महिन्यांवर असेल तर हा पहिला हंगामच तुमचा.

एनएचएलचं सगळं मात्र उचलू नका. तिथे उजव्या हाताने फटका मारणारे बॅक कमी, म्हणून त्यांचा भाव चढा. आपल्या हॉकीत डावखुरी स्टिक चालतच नाही. चपटी बाजू सगळ्यांची एकाच दिशेला. त्यामुळे आपल्याकडे जपायचा तो चांगला लेफ्ट बॅक: समोरचा राइट आउट, म्हणजे उजव्या कडेचा आक्रमक, त्याच्या डाव्या अंगाने, म्हणजे उलट्या स्टिकच्या बाजूने निसटतो, आणि पाय योग्य वेळी न वळवल्यास टॅकल फाउल ठरतो. राइट बॅकचे दोन पर्याय असतील आणि लेफ्टचा एकच, तर राइटमधला एक द्या.

नाव ठरलं तरी लगेच फोन लावू नका. त्या बॅकला दोन सराव सामने पूर्ण बाहेर बसवा, तेही बऱ्यापैकी संघाविरुद्ध आणि स्पर्धा ज्यावर आहे त्याच मैदानावर. मातीवर भिंतीसारखा उभा राहणारा बॅक टर्फवर अर्ध्या पावलाने उशिरा पोचतो, उलटही घडतं. या दोन सामन्यांत तुमच्या डीमध्ये समोरचे किती वेळा शिरले ते मोजा. आकडा नेहमीच्या दीडपट झाला तर यादी पुन्हा उघडा.

समोरच्याच्या फॉरवर्डलाही तसंच तपासा. ‘यंदा बारा गोल’ ऐकून भुलू नका. कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोकवरचे वजा करा, कमकुवत संघावर एका दुपारी ठोकलेले वजा करा, उरलेले बघा. तो चेंडू डीत घेतो की डीबाहेर, दूरच्या पोस्टवर वेळेत पोचतो का, आणि गोल होत नसेल तेव्हा बॅकच्या पायावर चेंडू मारून कॉर्नर तरी काढतो का? तुमच्याकडे फ्लिकवाला असेल तर कॉर्नर काढणारा फॉरवर्ड गोल मारणाऱ्याइतकाच मोलाचा. हिरव्या-पिवळ्या कार्डांची सवय असेल तर विचार करा. पिवळ्याने किमान पाच मिनिटं दहा जणांत खेळावं लागतं.

बोलणी सुरू करण्याआधी ज्याला द्यायचं त्याच्याशी बोला. चहाच्या टपरीवर त्याला दुसऱ्याकडून कळलं तर तो जातोही रुसून आणि पुढच्या वर्षी परतही येत नाही. मोठा असेल तर ‘दादा, तिथे तुम्ही चारही क्वार्टर खेळाल, इथे दोन’ हे सरळ सांगा. बहुतेकांना खेळायला मिळण्याशी मतलब असतो. तो नाही म्हणाला तर विषय संपवा. क्लबात पगार नाही, करार नाही, जबरदस्ती कशाच्या जोरावर करणार?

व्यवहार तोंडी ठेवू नका. एका कागदावर कोणत्या स्पर्धांपुरती अदलाबदल, परत कधी, दोन्ही संघ एकमेकांसमोर आले तर हे दोघे खेळणार की नाही, दुखापतीचा खर्च कोणाचा, एवढं लिहा. या शेवटच्या दोन मुद्द्यांवरच भांडणं होतात. स्पर्धेचं नियमपत्रक आधी वाचा: एका संघाच्या प्रवेशिकेत नाव गेल्यावर त्याच स्पर्धेत दुसऱ्याकडून खेळता येतं का, आणि जुन्या क्लबाचं ना-हरकत पत्र लागतं का.

नवा फॉरवर्ड आल्यावर सगळे त्याला पास द्यायला धावतात आणि पेनल्टी कॉर्नरचा बचाव विसरतात. गेलेला बॅक तिथे कोणत्या जागी होता ते बघून त्याच आठवड्यात नवा माणूस नेमा, आणि रोज सरावाच्या शेवटी वीस कॉर्नर अडवायला लावा, चेहऱ्यावर मास्क आणि हातमोजा घालूनच. पहिले दोन दिवस गोलकीपर आणि पोस्टवरचा एकमेकांच्या अंगावर येतील. तोपर्यंत फ्लिक अर्ध्या जोराने मारायला सांगा.