इंजिन बदललेली जुनी गाडी: क्रूझ ऑन होतं, पण सेट होत नाही

क्रूझ म्हणजे पेडल न दाबता गाडीचा वेग कायम ठेवणारी सोय. स्टिअरिंगजवळच्या मूळ दांडीवरचाच स्विच, सोबत वेगळं क्रूझ मॉड्यूल (ती चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा). सेट दाबलं की काहीच नाही. स्विच बदलला, स्पीड सिग्नल तपासला, डोकं उठलं. दोष निघाला ब्रेकच्या एलईडी दिव्यांत. ब्रेकचं पेडल सोडलेलं असताना मॉड्यूलला साध्या बल्बच्या फिलामेंटमधून अर्थ (बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडणी) मिळतो, एलईडीतून मिळत नाही; म्हणून ते सेट घेत नाही.

आधी बॅटरी काढा. मॉड्यूलची ब्रेक-दिव्याची वायर तोडून तिचं मॉड्यूलकडचं टोक पाच पिनी रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) ३० नंबरच्या पिनला जोडा. ८७ए अर्थला, ८७ फ्यूजमधून १२ व्होल्टला. ८६ ब्रेक स्विचकडून दिव्यांकडे जाणाऱ्या वायरला, ८५ अर्थला. ब्रेक दाबताच मॉड्यूलचा पुरवठा तोडणारी दुसरी ब्रेक वायर मात्र हलवू नका, सुरक्षा तिच्यावरही आहे. बॅटरी जोडून व्होल्टमीटर लावा: ३० वर पेडल सोडल्यावर शून्य, दाबल्यावर १२ व्होल्ट. मगच रस्त्यावर.