बागेसाठी छोटा पोकलेन निवडताना: आधी टेप, मग अश्वशक्ती

छोटा पोकलेन, म्हणजेच मिनी एक्स्कॅव्हेटर, घ्यायचा ठरला की बहुतेकांचे लक्ष प्रथम अश्वशक्तीकडे आणि खोदाईच्या खोलीकडे जाते; बागेत मात्र यंत्र अडते ते रुंदीपायी. म्हणून माहितीपत्रक उघडण्यापूर्वी टेप घेऊन बागेत जावे आणि बुंध्यांमधले नव्हे, तर समोरासमोरच्या फांद्यांच्या टोकांमधले मोकळे अंतर मोजावे, तेही फळांच्या भाराने फांद्या वाकलेल्या असताना. फाटकही मोजायला विसरू नये.

साधारण १ टनाची यंत्रे जेमतेम १ मीटर रुंद असतात. ३ ते ३.५ टनांच्या यंत्रांची रुंदी मात्र दीड ते पावणेदोन मीटरपर्यंत जाते. अर्थात ही रुंदी सरळ चालतानाची झाली. यंत्राचा वरचा भाग फिरतो तेव्हा मागचे वजन ट्रॅकच्या बाहेर येते आणि चालकाची नजर बकेटवर असताना नेमके तेच बुंध्याची साल सोलते. ‘झिरो टेल स्विंग’ रचनेत मागचा भाग ट्रॅकच्या रुंदीबाहेर जात नाही. बाजूला जड ओझे उचलताना तिचे स्थैर्य काहीसे कमी पडते, तरीही बागेसाठी मी तिलाच पसंती देईन. बूम, म्हणजे बकेट धरणारा यंत्राचा लांब हात, बुडाशी डावी-उजवीकडे वळणारा असला तर ओळीला समांतर चर यंत्राच्या कडेनेही खोदता येतो.

खोलीची चिंता सहसा अनाठायी असते, कारण जलवाहिनीच्या चरासाठी बहुधा १ मीटर पुरतो आणि दीड-दोन टनांचे यंत्रही २ मीटरपेक्षा खोल जाते. जुनी झाडे मुळासकट उपटायची असतील तर मात्र वजनच लागते; पण ते काम वर्षातून एक-दोन दिवसांचेच असेल, तर तेवढ्यापुरते मोठे यंत्र भाड्याने आणणे शहाणपणाचे.

खड्डे घेण्यासाठी ऑगर, म्हणजे जमिनीत फिरत जाणारा मोठा गिरमिट, लावायचा असल्यास तो उलटा फिरवून बाहेर काढता यावा, यासाठी जादा हायड्रॉलिक जोडणी दुहेरी प्रवाहाची आहे ना, आणि तिचा लिटर प्रति मिनिट प्रवाह ऑगरला पुरेसा आहे ना, हे विचारावे. रबरी ट्रॅक बागेला योग्य. मात्र धारदार दगडांवर जागच्या जागी वळवल्यास ते फाटतात. ट्रॅकमुळे वजन विभागले जाते हे खरे, तरी वाफसा येण्यापूर्वी कोणतेही यंत्र ओळीत घातले तर माती दबतेच.

जुने यंत्र पाहताना इंजिन आधीच तापवून ठेवलेले आढळल्यास ते थंड होईपर्यंत थांबावे आणि मगच सुरू करायला सांगावे. बकेट जमिनीवर दाबून यंत्राचा पुढचा भाग थोडा उचलावा व सोडावा. त्या वेळी वरचा भाग खालच्या सांगाड्यावर डुगडुगला तर फिरकीचे बेअरिंग झिजलेले असण्याची शक्यता असते. सांध्यांतल्या पिना आणि त्यांभोवतीचे बुश यांमधली ढिलाई बकेट हलवून पाहिली की कळते. शेवटी बूम उंचावून इंजिन बंद करावे आणि तो काही मिनिटांत आपोआप खाली येतो का, हे पाहावे. ही तपासणी चालू असताना बूमखाली कोणीही उभे राहू नये.