लूपची अट चुकते कुठे आणि ती दुरुस्त कशी करावी

कोल्हापुरातील बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये लूपचा, म्हणजे अट खरी असेपर्यंत त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा, प्रोग्राम चुकला की एक दुरुस्ती हमखास दिसते. विद्यार्थी < च्या जागी <= टाकतो, प्रोग्राम पुन्हा चालवतो, जमले नाही तर सुरुवातीचा ० काढून १ करतो, आणि आउटपुट अपेक्षेसारखे दिसले की तेवढे जर्नलमध्ये उतरवून मोकळा होतो. ही सवय पहिल्याच सत्रात मोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण चिन्हे फिरवून मिळालेले बरोबर उत्तर पुष्कळदा त्या एका इनपुटपुरतेच बरोबर असते. अट दुरुस्त करायची तर ती काय म्हणते हे आधी आपल्या भाषेत वाचता आले पाहिजे. (पुढील उदाहरणांत कीवर्ड आणि चलांची नावे देवनागरीत लिहिली आहेत, संगणकावर कीवर्ड अर्थातच इंग्रजीतच टंकायचे आहेत.)

आधी थांबण्याचे वाक्य लिहा

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी कोल्हापूरकर रोज पाहतात. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. समजा, दर तासाची पातळी वाचत जायची आणि धोका पातळी गाठेपर्यंत किती नोंदी झाल्या हे मोजायचे, असा प्रोग्राम लिहायचा आहे. कोडला हात लावण्याआधी वहीत एक वाक्य लिहावे: ‘पाणी ४३ फूट किंवा त्याहून वर गेले की थांबायचे.’

हे थांबण्याचे वाक्य झाले. व्हाइल लूपला मात्र चालू राहण्याची अट हवी असते, म्हणजे याच वाक्याचा नकार: ‘पाणी ४३ फुटांपेक्षा कमी आहे तोवर चालू ठेवायचे.’ नवशिक्यांच्या बऱ्याच चुका या एका उलटापालटीत होतात, कारण मनात थांबण्याचा विचार असतो आणि हात तोच कंसात लिहितो. व्हाइल (पातळी >= ४३) असे लिहिले आणि पहिलीच नोंद ३८ फुटांची असली, तर लूप एकदाही चालत नाही. अशा वेळी विद्यार्थ्याला लूपच्या आतल्या ओळींचा संशय येतो, पण त्या ओळींपर्यंत प्रोग्राम पोचलेलाच नसतो.

दुसरी पळवाट म्हणजे पातळी != ४३ (पातळी ४३ नाही तोवर) ही अट. ती वाचायला नेमकी वाटते, पण नदी आपल्या नोंदीच्या क्षणी बरोबर ४३ वर उभी राहीलच असे नाही. एका तासाला ४२ फूट ११ इंच आणि पुढच्या तासाला ४३ फूट १ इंच अशी नोंद झाली, तर पातळी ४३ ला कधीच समान होत नाही आणि लूप धोका पातळी ओलांडून पुढे वाचतच राहतो. मूल्य उडी मारून पलीकडे जाऊ शकत असेल, तर अटीत < किंवा > वापरावे; != फक्त नेमके तेच मूल्य येणार याची खात्री असेल तिथेच ठेवावे.

या उदाहरणात आणखी एक खोच आहे. पातळी फूट आणि इंचांत सांगितली जाते, आणि अनेक जण ४२ फूट १० इंच हे ४२.१० असे दशांश संख्येत साठवतात. संगणकाच्या दृष्टीने ४२.१० म्हणजे ४२.१, आणि ते ४२.९ पेक्षा, म्हणजे त्यांच्या लेखी ४२ फूट ९ इंचांपेक्षा लहान ठरते. पाणी एक इंच वाढले तरी प्रोग्रामला ते उतरल्यासारखे दिसते. अट बिनचूक असूनही उत्तर चुकते ते असे. यावर उपाय सरळ आहे: सगळे इंचांत आणून पूर्णांक साठवावेत. इशारा पातळी ४६८ इंच होते, धोका पातळी ५१६ इंच, आणि अट उरते पातळी < ५१६.

दशांश संख्यांवर लूपची अट शक्यतो ठेवूच नये, याला आणखी एक कारण आहे. ०.१ ही संख्या संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत तंतोतंत साठवता येत नाही. पायथनमध्ये शून्यात दहा वेळा ०.१ मिळवले, तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते. त्यामुळे शून्यापासून क्ष दर फेरीत ०.१ ने वाढवला तर व्हाइल (क्ष != १.०) ही अट कधीच खोटी होत नाही.

वाचण्याची ओळ कुठे आहे ते पाहा

आता समजा नोंदी इंचांत अशा आल्या: ५१२, ५१४, ५१५, ५१७. धोका पातळीच्या खाली किती नोंदी झाल्या? उत्तर ३. पुढील मांडणी हे उत्तर देते.

वाचा (पातळी)
व्हाइल (पातळी < ५१६)
    नोंदी = नोंदी + १
    वाचा (पातळी)

पण पहिली वाचा ओळ काढून पातळीला सुरुवातीस ० दिले आणि लूपच्या आत आधी वाचून मग मोजले, तर अट तीच राहूनही उत्तर ४ येते, कारण ५१७ ही नोंद वाचल्यावर अट तपासण्याआधीच मोजली जाते. अट फेरीच्या सुरुवातीला एकदाच तपासली जाते. मधल्या ओळीत ती मोडली म्हणून लूप तिथल्या तिथे थांबत नाही. एकचा फरक पडतो तेव्हा < आणि <= यांच्याकडे धावण्याआधी हा क्रम पाहावा. सी भाषेत फाइलचा शेवट सांगणारे फंक्शन थेट व्हाइलच्या कंसात ठेवले की शेवटची नोंद दोनदा मोजली जाते, तीही याच जातीची चूक आहे: ते फंक्शन वाचनाचा प्रयत्न फसल्यानंतरच ‘फाइल संपली’ असे सांगते. म्हणून वाचन यशस्वी झाले का, हेच अटीत विचारावे.

सात दरवाजे आणि शून्यापासून सुरू होणारा अॅरे

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि ‘३ आणि ६ क्रमांकाचे दरवाजे उघडले’ अशा बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. बातमीतले क्रमांक १ ते ७ असतात. सी, जावा किंवा पायथनमधल्या सात घरांच्या अॅरेत (एका नावाखाली ओळीने ठेवलेल्या मूल्यांच्या यादीत) इंडेक्स, म्हणजे घराचा क्रमांक, मात्र ० ते ६. एका उघड्या दरवाजातून १४२८ क्युसेक धरून सातही दरवाजांचा विसर्ग मोजायचा, तर उत्तर ९,९९६ यायला हवे.

फॉर (आय = १; आय < ७; आय++)
    एकूण = एकूण + विसर्ग[आय]

यातून ८,५६८ येते, म्हणजे नेमका एक दरवाजा सुटला. येथे विद्यार्थी < चे <= करतो. तेव्हा इंडेक्स १ ते ७ असा फिरतो, पहिला दरवाजा सुटलेलाच राहतो आणि अॅरेबाहेरचे आठवे घर वाचले जाते. पायथन अशा वेळी त्रुटीचा संदेश देऊन थांबतो, हे त्याचे उपकारच समजावेत. सी भाषा अशी हमी देत नाही; शेजारच्या मेमरीत जे काही असेल ते मिळवले जाऊ शकते. तिथे योगायोगाने १४२८ असेल तर उत्तर बरोबरही दिसेल, आणि दुसऱ्या संगणकावर तेच उत्तर भलतेच येईल.

बरोबर रूप आय = ० आणि आय < ७ हे आहे. त्यात एक सोय आहे: वरच्या सीमेतून खालची वजा केली की फेऱ्यांची संख्या थेट मिळते, ७ − ० म्हणजे ७. पायथनच्या रेंजमध्येही शेवटची संख्या धरली जात नाही, ती याच पद्धतीने. खालचे टोक धरायचे आणि वरचे सोडायचे, ही पद्धत का बरी याचे कारण संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मधील एका टिपणात दिले आहे. पडद्यावर दरवाजाचा क्रमांक दाखवायचा असेल, तेव्हा छापताना आय + १ करावे, लूपच्या सीमा हलवू नयेत.

दरवाजे उलट्या क्रमाने घ्यायचे असतील तर आय = ६ पासून आय >= ० पर्यंत यावे, पण सी भाषेत आय हे अनसाइन्ड (ऋण चिन्ह नसलेले) घोषित केले असेल तर ते कधीच ऋण होत नाही. शून्यातून एक वजा केल्यावर ३२ बिटांच्या चलात ४२९४९६७२९५ येते आणि अट खरीच राहते.

‘आणि’, ‘किंवा’ यांचा गोंधळ

‘धोका पातळी गाठली किंवा २४ नोंदी झाल्या की थांबायचे’ या वाक्यात ‘किंवा’ आहे, म्हणून विद्यार्थी अटीतही || लिहितो. थांबण्याच्या वाक्याचा नकार करताना ‘किंवा’चे ‘आणि’ होते. तर्कशास्त्रातला हा डी मॉर्गनचा नियम. म्हणून अट अशी हवी: आय < २४ && पातळी[आय] < ५१६. या दोन भागांचा क्रमही बदलू नये. && ची डावी बाजू खोटी ठरली तर उजवी तपासलीच जात नाही, त्यामुळे डावीकडची मर्यादा उजवीकडच्या अॅरेचे रक्षण करते.

मेनूच्या प्रोग्राममध्ये ‘१ किंवा २ निवडेपर्यंत विचारत राहा’ यासाठी निवड != १ || निवड != २ असे लिहिलेले फार आढळते. कोणतीही संख्या एकाच वेळी १ आणि २ असू शकत नाही, म्हणून दोनपैकी एक बाजू नेहमीच खरी असते आणि लूप संपत नाही. && केले की प्रश्न मिटतो.

लूप थांबतच नसेल तर

कंट्रोल आणि सी ही बटणे एकत्र दाबून प्रोग्राम थांबवावा आणि एकच प्रश्न विचारावा: अटीतले चल लूपच्या आत कुठे बदलते आणि प्रत्येक वाटेने बदलते का? वाढवण्याची ओळ विसरली असेल तर ते लगेच दिसते. एखाद्या वाटेवर ती ओळ चुकवली जात असेल तर दिसत नाही. व्हाइलमध्ये कंटिन्यू (खालच्या ओळी सोडून थेट पुढच्या फेरीवर नेणारी आज्ञा) वापरले आणि वाढवण्याची ओळ त्याच्या खाली राहिली, तर नेमके हेच घडते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या झून या संगीतयंत्राचे आहे. ३१ डिसेंबर २००८ रोजी ३० जीबीची झून यंत्रे जगभर गोठली. १९८० पासून मोजलेल्या दिवसांवरून वर्ष काढणारा एक लूप त्यात होता. अट होती दिवस > ३६५. आत, वर्ष लीप असेल आणि दिवस > ३६६ असतील, तर ३६६ वजा करून वर्ष एकने वाढवायचे. वर्ष लीप नसेल तर ३६५ वजा करून वाढवायचे. २००८ हे लीप वर्ष, आणि ३१ डिसेंबर हा त्याचा ३६६ वा दिवस. ३६६ > ३६५ खरे, म्हणून लूप आत शिरला. वर्ष लीप, पण ३६६ > ३६६ खोटे, म्हणून काहीच वजा झाले नाही. दिवस ३६६ च राहिले आणि पुढची फेरी जशीच्या तशी झाली.

आता चिन्ह फिरवण्याची सवय येथे लावून पाहा. आतल्या > चे >= केले तर लूप थांबतो खरा, पण दिवस ० होतात आणि वर्ष २००९, म्हणजे जानेवारीची शून्य तारीख. गोठणे गेले, चूक राहिली. नीट विचार केला तर दोष चिन्हात नाहीच: बाहेरची अट प्रत्येक वर्ष ३६५ दिवसांचे धरते आणि आतली तसे धरत नाही. त्या वर्षाची लांबी एका चलात घेऊन व्हाइल (दिवस > वर्षाची लांबी) असे लिहिले, आतून ती लांबी वजा केली, वर्ष वाढवले आणि नव्या वर्षाची लांबी पुन्हा काढली, की ३६६ वा दिवस ३१ डिसेंबरलाच थांबतो आणि ३६७ वा १ जानेवारी होतो.

सी भाषेत दोन बारीक चुकाही लूप अडकवतात: व्हाइलच्या कंसानंतर लगेच पडलेला सेमीकोलन, ज्यामुळे लूपचे शरीरच रिकामे होते, आणि == च्या जागी पडलेला एकच =, ज्यामुळे तुलना न होता मूल्य भरले जाते. कंपायलरच्या वॉर्निंग चालू ठेवल्या तर अशा बऱ्याच चुका तोच दाखवतो. त्या बंद ठेवण्याचे काहीच कारण नाही. सी मध्ये संख्या मागितली असताना वापरणाऱ्याने अक्षर टंकले, तर तेव्हाही लूप अडकू शकतो, कारण ते अक्षर इनपुटमध्ये तसेच पडून राहते आणि प्रत्येक फेरीत तेच पुन्हा समोर येते. इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफ फंक्शनने परत दिलेली संख्या (किती मूल्ये वाचली गेली ती) तपासावी आणि उरलेली ओळ वाचून टाकावी.

ड्राय रन कसा करावा

ड्राय रन म्हणजे प्रोग्राम संगणकाऐवजी कागदावर स्वतः चालवून पाहणे. कागदावर तीन रकाने आखावेत: फेरी, चलाचे मूल्य, अट खरी की खोटी. सगळ्या फेऱ्या लिहीत बसू नये. पहिली, शेवटची आणि शेवटच्या नंतर अट ज्या क्षणी खोटी होते तो क्षण, एवढे पुरते. हीच मूल्ये प्रोग्रामलाही छापायला लावावीत, पण छापण्याची ओळ लूपच्या अगदी सुरुवातीला आणि एकदा लूप संपल्यावर अशी दोन ठिकाणी असावी. लूपबाहेर छापलेले मूल्य थांबण्याच्या वाक्याशी जुळते का, हे पाहिल्याशिवाय दुरुस्ती झाली असे मानू नये.

त्यानंतर इनपुट मुद्दाम टोकाचे द्यावे. पंचगंगेच्या प्रोग्रामला ५१५, ५१६ आणि ५१७ या तिन्ही पहिल्या नोंदी स्वतंत्रपणे देऊन पाहाव्यात, एकही नोंद नसलेली फाइल द्यावी, एकच नोंद असलेली द्यावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी धोका पातळीच्या बरेच वर होते. त्या दिवसांत हा प्रोग्राम सुरू केला असता तर पहिली नोंदच ५१६ च्या वर आली असती आणि मोजणी ० यायला हवी होती. व्हाइल लूप ती ० देतो. डू-व्हाइल लूप अट तपासण्याआधी एक फेरी करतोच, म्हणून तो १ देईल. जिथे शून्य फेऱ्या शक्य आहेत तिथे तो वापरू नये, आणि मेनूसारख्या जिथे एकदा तरी विचारायचेच आहे अशा ठिकाणी मात्र तोच योग्य ठरतो.