खाडीची सवय धरणावर नको: या चुका टाळा

खाडीकाठी वाढलेला माणूस तिलारीसारख्या धरणावर होडी घेऊन गेला की आधी तिथी मोजतो. भरती कधी, ओहोटी कधी! धरणाला भरती नाही. पाणी चढतं पावसाने, उतरतं कालव्याला सोडलं की. नोव्हेंबरात जिथून होडी अलगद लोटली, तिथे एप्रिलात गुडघाभर चिखल असतो. आधी चालत जाऊन काठ बघा, काठी रोवून पाहा, मगच होडी टेम्पोतून उतरवा. भिंत आणि सांडव्यापासून लांबच राहा.

सगळ्यात जास्त नुकसान खुंटांनी होतं. बुडीत क्षेत्रातल्या झाडांचे बुंधे पाण्याखाली तसेच उभे असतात आणि पाणी उतरलं की वीतभर खोलीवर येतात. इंजिनचा पंखा एकदा माझ्याही नशिबी खुंटावर बसला. पंख्याची पिन तुटली, जवळ दुसरी नव्हती, दोन तास वल्ही मारत काठ गाठला. तेव्हापासून जादा पिन आणि पक्कड डब्यात असते, आणि काठाजवळ इंजिन वर उचलतो. नांगरही याच खुंटांत अडकतो. दोर थेट नांगराच्या दगडाला बांधू नका, मध्ये हातभर सुतळी ठेवा. अडकला तर जोर लावायचा: सुतळी तुटते, दगड जातो, दोर हाती राहतो.

गोड्या पाण्यात होडी किंचित खोल बसते, कारण समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड. फरक बोटभरही नसेल, पण काठोकाठ माणसं भरलेल्या होडीला तेवढाही पुरतो. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा उठला की उघड्या पट्ट्यावर लाटा येतात. जेवायच्या वेळेआधी परता. लाइफ जॅकेट अंगात हवं, फळीखाली नको.

गरवायला बसल्यावर कोळंबीचा हट्ट सोडा. रोहू-कटल्याला कणकेचा किंवा पेंडीचा गोळा लावा, कोळंबी खाडीतल्या तांबोशीला ठेवा. मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा गरी टाकण्याआधी त्यांना विचारा, नाहीतर भांडण ठरलेलं. पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात, तेव्हा पोटात अंड्यांची गाभोळी असते. चव लागते हो, पण पुढच्या वर्षी गळ रिकामा.

आणि तिन्हीसांजेला पाण्यात पाय सोडून मासे साफ करत बसू नका. तिलारी नदीत मगरी आहेत.