ब्रिटिश पोलीस कादंबरी पहिल्यांदाच हातात घेतलीये? मग अशी वाचा

मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या घरात गेला की दुपारी कोणी बाहेर पडत नाही, कूलरसमोर चटई टाकायची अन् ज्यात पानोपानी पाऊस पडतोय असं पुस्तक काढायचं. ब्रिटिश पोलीस कादंबऱ्यांचा नाद मला असाच लागला. पण पहिली मी चाळीस पानांवर सोडली होती, डीसी कोण डीसीआय कोण काही कळेचना. परवा भाचीचा जळगावहून होस्टेलवरून फोन, तरुण लेडी डिटेक्टिव्हवाली आणलीये, कशी वाचू व मावशी? तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी वहीच्या शेवटच्या पानावर हुद्द्यांची शिडी काढा. खालून वर कॉन्स्टेबल, सार्जंट, इन्स्पेक्टर, चीफ इन्स्पेक्टर, सुपरिंटेंडंट, चीफ सुपरिंटेंडंट. पुढे डिटेक्टिव्ह लागलं की डीसी, डीएस, डीआय, डीसीआय. आपल्याला वाटतं डिटेक्टिव्ह म्हणजे मोठा साहेब, पण डीसी ही वर्दीतल्या कॉन्स्टेबलच्याच बरोबरीची, फक्त साध्या कपड्यात तपास करते. आपल्या हवालदार, पीएसआय, पीआयशी एकास एक जोडी लावू नका, लागत नाही. अन् कुणी म्हणालं 'होम्सवर टाक' तर गोंधळू नका, ती मोठ्या तपासाची कॉम्प्युटर सिस्टीम आहे. १९८१ मध्ये पकडलेल्या यॉर्कशायरच्या खुन्याची पोलिसांनी आधी नऊ वेळा चौकशी केली होती, पण नोंदींच्या कार्डांच्या ढिगाऱ्यात धागा जुळलाच नाही, त्यानंतर ही सिस्टीम आली. म्हणून फायली चाळण्याची पानं कंटाळवाणी वाटली तरी उडवू नका, खुनी बऱ्याचदा तिथेच सापडतो.

मग घड्याळ, माझा सगळ्यात आवडता भाग. आपण पेपरात रोज वाचतो, आरोपीला पाच दिवसांची पोलीस कोठडी. इंग्लंडमध्ये तसं नाही. १९८४ चा कायदा आहे, पेस म्हणतात त्याला, ठाण्यात आणल्यापासून २४ तास, गुन्हा गंभीर असेल तर सुपरिंटेंडंट ३६ पर्यंत नेऊ शकतो, त्यापुढे मॅजिस्ट्रेटकडे जायचं आणि तेही एकूण ९६ तासांपर्यंतच, दहशतवादाची प्रकरणं वेगळी. तेवढ्यात चार्ज लावा नाहीतर सोडा, आणि खुनासारख्या गुन्ह्यात चार्ज लावायचा की नाही हेही पोलीस ठरवत नाहीत, क्राउन प्रॉसिक्युशन सर्व्हिस, म्हणजे तिकडचं सरकारी वकिलांचं खातं ठरवतं. म्हणून आरोपीला ठाण्यात आणल्याचं पान आलं की मी कडेला पेन्सिलने लिहिते, 'मंगळवार सकाळी ६.१०', आणि पुढच्या प्रत्येक चॅप्टरला किती तास उरले ते. एकदा करून बघा, दोन पोलीस नुसते चहा पीत बसलेत असा सीनसुद्धा जीव टांगणीला लावतो.

चौकशीची पानं मात्र हळू वाचा, जमलं तर मोठ्याने. आपल्याकडे पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही म्हणून आपण तो भाग पटकन उरकतो. तिकडे चालतो, सगळं रेकॉर्ड होतं, वकील शेजारी बसलेला असतो आणि ठाण्यात तो फुकट मिळतो. सुरुवातीला जी ताकीद देतात तिचा अर्थ असा की बोललंच पाहिजे असं नाही, पण आत्ता विचारल्यावर जे सांगितलं नाही त्याच्यावरच उद्या कोर्टात भिस्त ठेवली तर बचावाला धक्का बसू शकतो. हे डोक्यात असलं की आरोपी 'नो कमेंट' म्हणतो तेव्हा तो काय डावावर लावतोय ते कळतं.

आता कादंबरीतली ती डिटेक्टिव्ह पोरगी. तिला कोण कुठलं काम देतं ते नीट बघा. दारोदार फिरून विचारपूस, सीसीटीव्हीचं फुटेज, मयताच्या घरच्यांजवळ बसणं. १९१५ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रँथम गावात एडिथ स्मिथ या पोलीस बाईला अटकेचे पूर्ण अधिकार मिळाले, तरी लंडनच्या पोलिसात १९७३ पर्यंत बायकांचा विभाग वेगळाच होता, त्यामुळे जुना सार्जंट तिच्याशी तसा का बोलतो ते समजतं. माझी मामेबहीण इकडे पोलिसात आहे, ती म्हणते ड्युटी सगळ्यांना सारखीच गं, पण घरात बाई रडत असली की हाक मलाच. कादंबरीतही त्या पोरीला घरच्यांजवळ बसवतात, फॅमिली लिएझन म्हणजे घरचे आणि पोलीस यांच्यातला दुवा म्हणून, आणि वाचणाऱ्याला वाटतं नुसतं सांत्वन चाललंय. तसं नाही, तो तपासच आहे. कपबशा विसळता विसळता आई जे बोलून जाते ते ती कुठल्याच साहेबाला सांगणार नसते, तिथे पेन्सिल हातात ठेवा.

सिरीज असेल तर पहिल्या पुस्तकापासूनच धरा, डीसी पुढे डीएस होते, तिच्या घरचं बदलत जातं, मधलंच घेतलं तर आधीच्या पुस्तकातला खुनी सहज बोलण्यात फुटून जातो. भाचीला एवढंच सांगितलंय की अर्ध्यावर आलीस की संशयिताचं नाव चिठ्ठीवर लिहून पुस्तकातच ठेव, व्हॉट्सअॅपवर पाठवू नको, तुझ्यानंतर मला वाचायचीये.