एनएफएसवर बिल्ड रखडतोय? आधी .ओ फाइली घरी आणा

रत्नागिरी-चिपळूणकडच्या एखाद्या लॅबमध्ये नवीन रुजू झालात, सोर्स एनएफएसने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनच्या फाइली आपल्याच डिस्कवर असल्यासारख्या वापरायची सोय) जोडलेल्या सर्व्हरवर आहे आणि मेक (कोड कंपाइल करून प्रोग्राम बनवून घेणारं टूल) मारून चहा पिऊन आलं तरी बिल्ड चालूच, तर प्रोसेसरला शिव्या घालू नका. एकदा -जे (एकाच वेळी अनेक कामं) न देता ‘टाइम मेक’ चालवा. रिअलचा (घड्याळाच्या वेळेचा) आकडा युझर आणि सिसच्या (प्रोसेसरने खर्चलेल्या वेळेच्या) बेरजेहून बराच मोठा आला तर मशीन नुसतं ताटकळतंय.

हेडर (सोर्समध्ये इन्क्लुड होणारी फाइल) कॅशमध्ये, म्हणजे आपल्या मशीनवर साठवलेला, असला तरी फाइल उघडताना एनएफएस सर्व्हरला ‘बदललीय का?’ विचारतंच. एका सोर्समागे 300 हेडर आणि वायफायवर फेरीला 5 मिलिसेकंद धरले, तरी दीड सेकंद विचारपुशीतच गेला. ‘एनएफएसस्टॅट -सी’ मध्ये गेटअ‍ॅटर आणि लुकअप (याच विचारपुशीचे आकडे) फुगलेले दिसतील. केबल लावा.

सोर्स तिथेच राहू दे, बिल्ड डिरेक्टरी (.ओ, म्हणजे कंपाइल होऊन बनलेल्या फाइली, पडतात ती) मात्र लोकल एसएसडीवर न्या. सीमेक (मेकसाठी बिल्डची मांडणी करणारं टूल) वापरत असाल तर त्याला -एस (सोर्सची जागा) आणि -बी (बिल्डची जागा) वेगवेगळे द्या. सीकॅशचा (आधी कंपाइल झालेलं जपून ठेवणाऱ्या टूलचा) साठाही लोकलच. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. डिस्टसीसीचा (कंपाइलचं काम अनेक मशीनांवर वाटणाऱ्या टूलचा) नाद नंतर करा.

आता नीट ऐका. कोणीतरी सीनियर सांगणारच, ‘एक्स्पोर्टमध्ये (सर्व्हरवरचा फोल्डर वाटायच्या सेटिंगमध्ये) असिंक टाक, पळेल.’ पळतंही. पण असिंकमध्ये डेटा डिस्कवर जायच्या आधीच सर्व्हर ‘लिहिलं’ म्हणून मोकळा होतो. क्लायंट निर्धास्त. पावसाळ्यात लाइट गेली, यूपीएस दमला, की सर्व्हरवर शून्य बाइटची .ओ फाइल उरू शकते, तीही ताज्या वेळेची. मेक फक्त वेळ बघतं, आत काय आहे ते नाही. त्याच्या लेखी ती फाइल तयार. मग लिंकर (.ओ फाइली जोडून प्रोग्राम बनवणारा) ‘फाइल ट्रंकेटेड’ म्हणून ओरडतो आणि तुम्ही धडधाकट कोडमध्ये चूक शोधत बसता. तेव्हा शून्य आकाराच्या .ओ शोधून उडवा, नाहीतर सरळ मेक क्लीन. .ओ परत बनते, पण त्याच एक्स्पोर्टवरचा सोर्स गेला तर तो कुठून आणणार? सिंकच (डिस्कवर गेल्यावरच ‘लिहिलं’ म्हणणं) ठेवा. बिल्ड लोकल असला की असिंकची गरजही उरत नाही.

बिल्ड लोकल केल्यावर एकच नवी भानगड: सोर्सची वेळ बहुधा सर्व्हरच्या घड्याळाची, .ओची तुमच्या. सर्व्हर मागे असेल तर नुकतीच बदललेली फाइलही .ओपेक्षा जुनी ठरते आणि मेक ती गुपचूप सोडून देतं, चकार शब्द न काढता. घाबरू नका, दोन्हीकडे क्रोनी (घड्याळं जुळवणारं टूल) लावा. इंटरनेट येऊन-जाऊन असेल तर सर्व्हरलाच वेळ वाटायला बसवा आणि सगळी मशीनं त्याच्याशी जुळवा.